साठीनंतरचा आयुर्विमा: वय, प्रकृती आणि मृत्यूची जोखीम कशी तपासली जाते

भुसावळ, चोपडा किंवा शिरपूर येथील विमा कार्यालयात साठी ओलांडलेल्या माणसांचे प्रस्ताव एकत्र काढून पाहिले, तर जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख वारंवार आढळते. शाळा जूनमध्ये उघडत, नाव घालायला आलेल्या आजोबांना नातवाची नेमकी तारीख ठाऊक नसे, आणि गुरुजी पहिलीच्या प्रवेशाला वय बसेल असे वर्ष धरून १ जून लिहून मोकळे होत. तीच तारीख पुढे दाखल्यावर, नोकरीच्या कागदांवर आणि आधार कार्डावर चढली. पन्नास-साठ वर्षांनी तिच्यावर विम्याचा हप्ता ठरतो, तेव्हा गुरुजींचा तो अंदाज प्रत्यक्ष रुपयांत मोजावा लागतो.

हा लेख विमा प्रतिनिधींसाठी, कंपन्यांच्या वतीने तपासणी करणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि आई-वडिलांच्या विम्याचे कागद भरणाऱ्या मुला-मुलींसाठी आहे. तरुणाच्या प्रस्तावात त्याला आजार आहे की नाही, हा मुख्य प्रश्न असतो. ज्येष्ठांच्या प्रस्तावात काही ना काही आजार असणार हे गृहीतच असते, त्यामुळे हा माणूस आपल्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत कुठे उभा आहे, हे शोधावे लागते. पुढची सगळी तपासणी त्यासाठीच आहे.

आधी वय पक्के करा

वयाला एवढे महत्त्व का, हे मृत्युदर सारणीवरून कळते. भारतातील विमाधारकांच्या २०१२-१४ या काळातील अनुभवावर बेतलेल्या सारणीत चाळीस वर्षे वयाच्या हजार विमाधारकांमागे वर्षाला दोनांपेक्षा कमी मृत्यू धरले आहेत, तर साठाव्या वर्षी हा आकडा अकराच्या घरात जातो. पन्नाशी ते साठी या दहा वर्षांतच तो दुपटीहून अधिक होतो. त्यामुळे तिशीतील माणसाच्या वयात दोन वर्षांची चूक झाली तर फारसे बिघडत नाही, पण त्रेसष्टाव्या वर्षी तीच चूक हप्त्यात ठळक दिसते, आणि योजनेची प्रवेशाची वयोमर्यादा ६५ असेल तर प्रस्तावच बाद होऊ शकतो.

जन्मनोंदीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पारपत्र आणि नोकरीचे सेवापुस्तक हे भक्कम पुरावे मानले जातात. या बाबतीत भुसावळच्या रेल्वेतून किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्यांचे काम सोपे असते, कारण त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या आदेशावर जन्मतारीख असते. अडचण शेतकऱ्यांची, शेतमजुरांची आणि विशेषतः कधीच शाळेत न गेलेल्या स्त्रियांची होते. शिधापत्रिका, पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा दाखला हे दुय्यम पुरावे असून, त्यांच्यावर कंपनी प्रस्ताव घेतेच असे नाही. घेतला तरी विमा रक्कम मर्यादित ठेवते किंवा हप्ता वाढवते. अशा वेळी थोरल्या मुलाचे वय, लग्नाचे वर्ष आणि भावंडांच्या दाखल्यांवरील वर्षे एकमेकांशी ताडून पाहावीत. आईचे वय ५६ आणि थोरल्या मुलाचे ४५ असे दोन कागद एकाच प्रस्तावात जोडलेले मी स्वतः पाहिले आहेत, आणि कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षे झाल्यानंतर कंपनी ती कोणत्याही कारणाने आव्हानित करू शकत नाही, हे बहुतेकांना माहीत असते. मात्र वयाचा पुरावा कंपनी केव्हाही मागू शकते आणि वय चुकीचे निघाल्यास अटींमध्ये तसा फेरबदल करू शकते, हे त्याच कलमात लिहिलेले आहे. काही कंपन्या मागील वाढदिवसाचे वय धरतात, तर काही जवळच्या वाढदिवसाचे. वाढदिवस होऊन सहा महिने उलटले असतील तर या फरकाने वय एका वर्षाने वाढू शकते.

मग गरज आणि ऐपत

वैद्यकीय तपासणीकडे वळण्यापूर्वी अंडररायटर, म्हणजे कंपनीसाठी प्रस्तावाची जोखीम तोलून निर्णय घेणारा अधिकारी, एक साधा प्रश्न विचारतो: हा माणूस गेल्यावर नुकसान कोणाचे आणि किती होणार? पस्तिशीतल्या कमावत्या माणसाला वार्षिक उत्पन्नाच्या वीसपट विमा देणे समर्थनीय असते, कारण कमाईची वर्षे पुढे आहेत. साठीनंतर ही पट झपाट्याने खाली येते. विकास सोसायटीचे वा बँकेचे कर्ज, पत्नीच्या उदरनिर्वाहाची सोय किंवा अवलंबून असलेले दिव्यांग अपत्य ही खरी कारणे आहेत, आणि ती प्रस्तावात स्पष्ट लिहावीत. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्र नसते. त्याऐवजी सातबारा, आठ-अ, केळी किंवा कापूस विक्रीच्या पट्ट्या आणि बँकेचा उतारा जोडावा.

आयुष्यात कधीही विमा न घेतलेल्या ६४ वर्षांच्या व्यक्तीच्या नावाने अचानक मोठ्या रकमेचा प्रस्ताव येतो, हप्ता पुतण्या भरणार असतो आणि नामनिर्देशनही त्याचेच असते, तेव्हा अंडररायटर थबकतो आणि त्याने थबकलेच पाहिजे. जेथे गरज नाही तेथे विमा विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुले कमावती, कर्ज फिटलेले आणि पतीच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार, अशा घरात आबांच्या नावाने महाग विमा घेण्यापेक्षा तोच पैसा आरोग्य विम्याला लावलेला बरा.

लहान रकमेच्या योजनांच्या मर्यादाही आधीच पाहून घ्याव्यात. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत प्रवेश ५० वर्षांपर्यंतच मिळतो आणि संरक्षण ५५ व्या वर्षी संपते. सरल जीवन विमा या प्रमाणित मुदत विम्यात ६५ व्या वर्षापर्यंत प्रवेश आहे, रक्कम ५ ते २५ लाखांपर्यंत आहे, पण संरक्षण ७० व्या वर्षापर्यंतच चालते आणि पहिले ४५ दिवस केवळ अपघाती मृत्यूलाच पूर्ण रक्कम मिळते.

अर्जातील प्रश्न

ज्येष्ठांच्या प्रस्तावात सर्वाधिक नुकसान अर्ज भरतानाच होते, आणि बहुतेक वेळा त्यामागे लबाडी नसून घाई असते. प्रतिनिधी ओट्यावर बसून एका दमात सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहितो. अप्पांना विचारलेच तर ते म्हणतात, ‘थोडी साखर शे’, आणि त्या ‘थोडी’मध्ये बारा वर्षांचा मधुमेह आणि दोन गोळ्या दडलेल्या असतात. म्हणून ‘तुम्हाला काही आजार आहे का’ असे विचारू नये. घरातली औषधांची पिशवी मागवून घ्यावी, प्रत्येक पाकिटावरचे नाव उतरवावे, गोळी कधीपासून चालू आहे ते विचारावे, आणि मग ती कशासाठी आहे याकडे यावे. रक्त पातळ करण्याची गोळी सापडली की हृदय, झटका किंवा अनियमित नाडीची चौकशी आपोआप सुरू होते. ही पिशवी कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा प्रामाणिक असते.

तंबाखूचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारावा लागतो. पुरुष विडी मान्य करतात, पण तळहातावर मळलेली तंबाखू त्यांना ‘व्यसन’ वाटत नाही. म्हाताऱ्या स्त्रिया तर ‘तंबाखू खाता का’ याला अगदी खरेपणाने नाही म्हणतात, आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत असतात. रक्तातील किंवा लघवीतील कोटिनीन तपासले की मशेरीही उघड होते, कारण शरीरात निकोटीन कोणत्याही मार्गाने गेले तरी त्याचे कोटिनीन बनतेच. अर्जात ‘नाही’ आणि अहवालात होकारार्थी, असा विसंवाद दिसला की बाकीच्या सर्व उत्तरांवरचा विश्वास उडतो. म्हणून विडी, तंबाखू, गुटखा, तपकीर आणि मशेरी अशी नावे घेऊनच विचारावे.

कौटुंबिक इतिहासाचे वजन साठीनंतर कमी होते. वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेले असतील, पण मुलगा स्वतः ६६ वर्षांचा होऊन धडधाकट असेल, तर त्या वारशाचा धोका त्याने बराचसा मागे टाकला आहे. याउलट, गेल्या वर्षभरात जोडीदाराचे निधन झाले आहे का, हे विचारण्यास संकोच करू नये. त्यानंतरच्या काही महिन्यांत मृत्यूची जोखीम वाढते, हे अनेक देशांत दिसून आले आहे.

अर्जदार निरक्षर असेल आणि अंगठा देत असेल, तर मजकूर समजावून सांगितल्याचे निवेदन समजावणाऱ्याने सही करून द्यायचे असते. अहिराणी बोलणाऱ्या घरात ते अहिराणीतूनच समजवावे. पुढे वाद झाला तर कायदा विमा मिळवून देणाऱ्या प्रतिनिधीला करार होण्याच्या बाबतीत कंपनीचा प्रतिनिधी मानतो. म्हणून त्याला सांगितलेली गोष्ट अर्जात आली आहे ना, हे सही करण्याआधी वाचून घ्यावे.

तपासणीची सकाळ

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारी दीड वाजता, रिकाम्या पोटी, पंधरा किलोमीटर मोटारसायकलवर बसवून आणलेल्या नानांचा रक्तदाब आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) हे दोन्ही आकडे खोटे येणार. तपासणी सकाळी आठच्या आत ठेवावी आणि पाणी पिऊ द्यावे. उपाशी राहायचे म्हणून रक्तदाबाची गोळी चुकवू नये, ती घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. साखरेची गोळी मात्र रक्त दिल्यावर, खाण्याबरोबर घ्यावी. आदल्या दिवशी हे फोनवर सांगितले नाही तर अर्धे प्रस्ताव विनाकारण लांबतात.

रक्तदाब पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकलेली असताना दोनदा घ्यावा. ज्येष्ठांमध्ये वरचा आकडा १४० च्या पुढे आणि खालचा सामान्य, असे चित्र सर्रास असते, आणि त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. नंतर त्यांना उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त घसरला, तर पडण्याचा धोका आहे, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे अनेकदा जिवावर बेतते. नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी, म्हणजे अनियमितता सुटणार नाही.

वजनाबाबत तरुणांचे नियम येथे उलटे फिरतात. साठीनंतर थोडे जास्त वजन फारसे घाबरवणारे नसते. कमी वजन, आणि त्याहून अधिक म्हणजे कारण नसताना घटलेले वजन, मोठा इशारा असतो. सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलोहून अधिक गेले, तर क्षयरोग, कर्करोग किंवा अनियंत्रित मधुमेह वगळल्याशिवाय निर्णय घेऊ नये. ‘धोतर सैल झाले का, ब्लाउज आत घ्यावा लागला का’ हा प्रश्न वजनकाट्याइतकाच उपयोगी पडतो.

रक्त, लघवी आणि प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता

साधारणपणे रक्तशर्करा, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा), क्रिएटिनीन, यकृताच्या चाचण्या, मेदाचे प्रमाण, रक्तगणना, लघवीतील प्रथिने आणि ईसीजी मागितले जातात. यांपैकी तीन गोष्टींकडे मी आधी पाहतो. क्रिएटिनीनचा आकडा जसाच्या तसा वाचू नये, कारण स्नायू आटलेल्या वृद्धाचे क्रिएटिनीन मूत्रपिंड बिघडलेले असूनही सामान्य दिसते. त्यावरून वय धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती गाळतात याचा अंदाज, तीन महिने ६० च्या खाली राहिला तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मानला जातो. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन मधुमेही माणसाच्या रक्तवाहिन्यांची अवस्था सांगते. आणि रक्तातील अल्ब्युमिन कमी असेल तर पोषण किंवा दडलेला आजार यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

एचबीए१सी ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह, हा नियम नंदुरबार जिल्ह्यात डोळे मिटून लावता येत नाही. अक्कलकुवा, धडगाव भागातील भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे एचबीए१सी खोटा कमी येतो. केवळ वाहक असलेल्या व्यक्तीतही काही तपासणी पद्धती चुकीचा आकडा देतात. उलट लोहाच्या कमतरतेच्या पांडुरोगात तोच आकडा खोटा वाढू शकतो. म्हणून या भागातील प्रस्तावात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर सोबत पाहावी, शंका असल्यास फ्रुक्टोसअमाइन (मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) मागवावे, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत मिळालेले कार्ड असेल तर त्याची प्रत जोडावी. वाहक आणि रुग्ण यांच्या जोखमीत मोठे अंतर आहे, आणि कार्डावर हा फरक नोंदलेला असतो.

सातपुड्यातल्या गावातून घेतलेला नमुना नंदुरबार किंवा धुळ्यापर्यंत पोहोचायला काही तास लागतात. तेवढ्या वेळात नळीतल्या पेशी साखर खात राहतात आणि आकडा खोटा कमी होतो. उन्हात पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटे वाढते. साखरेसाठी फ्लोराइड असलेली राखाडी झाकणाची नळी आणि थंड पेटी नसेल, तर तो अहवाल कंपनीकडे पाठवण्यात अर्थ नाही.

ट्रेडमिल चाचणी गुडघे दुखणाऱ्या माणसाकडून पूर्ण होत नाही, आणि अपुऱ्या चाचणीला कोणी ‘ठीक’ म्हणून पाठवू नये. त्याऐवजी हृदयाची टूडी एको, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेली तपासणी, मागवणे योग्य.

चाल आणि स्मरण

कागदावरच्या निदानांपेक्षा माणूस कसा वावरतो, यावरून त्याच्या पुढच्या काही वर्षांचा अंदाज अधिक नेमका बांधता येतो. खुर्चीवरून उठणे, तीन मीटर चालून वळणे, परत येऊन बसणे, एवढी चाचणी घड्याळ लावून घ्यावी. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर कारण शोधावे. गुडघेदुखीमुळे लागले असतील तर तसे अहवालात लिहावे, नाहीतर अंडररायटर त्याचा वेगळाच अर्थ लावेल. अंघोळ, कपडे आणि शौच स्वतः होते का, बाजारहाट, बँकेचे काम आणि औषधे स्वतः सांभाळतात का, हे घरच्यांसमोर आणि त्यांच्याशिवाय, असे दोन्ही वेळा विचारावे. सत्तरीतही रोज पाच वाजता बागेत जाऊन ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवणारा बागायतदार आणि पासष्टीत ओसरीवरून न हलणारा माणूस यांची साखर सारखीच असली, तरी जोखीम सारखी नसते.

स्मरणाच्या चाचण्या शाळा न पाहिलेल्या माणसावर अन्याय करतात. घड्याळाचे चित्र काढायला सांगितले आणि जमले नाही, तर त्याने कदाचित आयुष्यात पेन्सिलच धरली नसेल. त्याऐवजी तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारावेत, आजचा वार आणि चालू मराठी महिना विचारावा, आणि केळीचा किंवा कापसाचा सध्याचा भाव विचारावा. भाव चुकला तर एकदा माफ करावे, बाजारच तसा आहे. पण नातवांची नावे अडखळली तर मेंदूविकारतज्ज्ञाचे मत घ्यावे. स्मृतिभ्रंशात मृत्यूची जोखीम वाढतेच, शिवाय करार समजून सही केली का, हा कायदेशीर प्रश्नही उभा राहतो.

बेरीज कशी होते

न्यूयॉर्क लाइफ या कंपनीत डॉ. ऑस्कर रॉजर्स आणि गणिती आर्थर हंटर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जी अंकपद्धती घडवली, तिचेच रूप आजही वापरले जाते. त्या वयाच्या सर्वसाधारण विमाधारकाला १०० गुण, प्रतिकूल गोष्टींसाठी अधिक आणि अनुकूल गोष्टींसाठी उणे. गुण प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे वेगळे असतात. खालचे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून धरले आहेत.

समजा, रावेर तालुक्यातील ६० वर्षांचे बागायतदार आहेत. आठ वर्षांचा मधुमेह, एचबीए१सी ७.४, एका गोळीवर रक्तदाब १३६/८०, ईजीएफआर ७२, लघवीत अल्ब्युमिन नाही, तंबाखू नाही, चालण्याची चाचणी ९ सेकंदांत. मधुमेहासाठी अधिक ६०, उत्तम हालचालीसाठी उणे १०, एकूण १५०. म्हणजे ५० टक्के जादा जोखीम. आता त्याच वयाचे दुसरे गृहस्थ घ्या: मधुमेह तेवढाच जुना, पण लघवीत अल्ब्युमिन, ईजीएफआर ५२ आणि वर्षात सहा किलो वजन घटलेले. येथे गुणांची साधी बेरीज चालत नाही. मधुमेह आणि मूत्रपिंडविकार एकत्र आले की जोखीम बेरजेहून जास्त होते, आणि न समजलेल्या वजनघटीमुळे हा प्रस्ताव आकडे मांडण्याआधीच पुढे ढकलला जातो.

टक्केवारीबाबत अनेक प्रतिनिधींची गल्लत होते. चाळिशीत हजारी मृत्युदर १.७ धरला तर ५० टक्के जादा म्हणजे हजारी ०.८५, दहा लाखांवर वर्षाला सुमारे ८५० रुपये. साठीत दर ११ धरला तर तेच ५० टक्के म्हणजे हजारी ५.५, दहा लाखांवर ५,५०० रुपये, आणि त्यावर कंपनीचा खर्च वेगळा. म्हणूनच पुस्तिकांमध्ये त्याच आजाराला वाढत्या वयात कमी गुण असतात: पस्तिशीत जडलेला मधुमेह समवयस्कांच्या तुलनेत माणसाला फार मागे ओढतो, पण पासष्टीत जडलेला तेवढा नाही, कारण समवयस्कांचाच मृत्युदर तोवर वाढलेला असतो.

निर्णय आल्यावर

प्रस्ताव नेहमीच्या दराने स्वीकारणे, जादा हप्त्याने स्वीकारणे, मुदत किंवा रक्कम कमी करणे, सुरुवातीच्या वर्षांत विमा रक्कम घटवून देणे, काही महिने पुढे ढकलणे किंवा नाकारणे, असे निर्णय येतात. बायपास, अँजिओप्लास्टी किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच पाठवलेला प्रस्ताव बहुधा पुढे ढकलला जातो. तो मध्यंतरीचा काळ उपचाराचे सगळे कागद गोळा करण्यात घालवावा. जादा हप्त्याला प्रस्तावकाची संमती लागते, ती घाईने देऊ नये. कोणत्या कारणासाठी जादा आहे ते लेखी विचारावे, आणि अहवाल चुकलेला वाटत असेल तर नव्या अहवालासह फेरविचार मागावा. दुसऱ्या कंपनीकडे गेल्यास ‘पूर्वी प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्ता लावला का’ या प्रश्नाचे उत्तर खरे द्यावे लागते.

पॉलिसीसोबत आलेली अर्जाची प्रत घरी शांतपणे वाचावी. अटी पटल्या नाहीत तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांचा जोखीम हप्ता, तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून पैसे मिळतात. हप्ता घेऊनही पॉलिसी दिली नाही, किंवा प्रस्तावापेक्षा वेगळ्या अटींची पॉलिसी आली, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लावता येत नाही. तक्रारदार स्वतः बाजू मांडतो.